तारखेचा इसारा आणि अनामतीची रक्कम
(शादी हॉलच्या व्यवहारातील अमानतदारी : एक अभ्यास)

सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना आपले करार पूर्ण करण्याची आज्ञा दिली आहे. सूरह अन्-निसाच्या 29 व्या आयतीत एकमेकांची संपत्ती अन्यायाने गिळंकृत करण्यास मनाई आहे. परस्परसंमतीने होणारा व्यापार तेवढा वैध ठरविला आहे. त्याच सूरहच्या 58 व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करण्याचा आदेश आहे. या तिन्ही आज्ञा आपण मदरशात ऐकतो, जुम्याच्या खुत्ब्यात ऐकतो. परंतु शादी हॉलच्या काउंटरवर पावती फाडली जाते, तेव्हा त्या आपल्याला आठवतात का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आपल्या समाजात गेल्या काही वर्षांत हॉल, लॉन आणि मंगल कार्यालये चालविणारे अनेक बंधू पुढे आले आहेत. हा हलाल व्यवसाय आहे. निकाह आणि वलिमा यांसाठी जागा उपलब्ध करून देणे ही एक सेवाही आहे. मात्र या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य असे की, येथे पैसा आधी येतो आणि सेवा नंतर द्यावयाची असते. किराणा दुकानदार माल देतो व पैसे घेतो. व्यवहार तेथेच संपतो. हॉलमालक आज पैसे घेतो आणि सहा महिन्यांनी, कधी वर्षाने जागा देतो. या मधल्या काळात लोकांचा पैसा त्याच्या हातात असतो. त्याच्या अमानतदारीची खरी परीक्षा याच काळात होते.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मुलीचे वडील रिक्षा चालवितात. मंगनी झाली, तारीख ठरली, हॉलला 15,000 रुपये दिले. दोन महिन्यांनी वरपक्षाने नाते मोडले. आधीच मनाने खचलेला हा पिता हॉलच्या कार्यालयात येतो. त्याला पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली एक ओळ दाखविली जाते : दिलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. पुढच्या आठवड्यात तीच तारीख दुसऱ्या कुटुंबाला पूर्ण भाड्याने दिली जाते. हॉलमालकाचे एका पैशाचेही नुकसान झाले नाही. उलट 15,000 रुपये जास्तीचे मिळाले. ही रक्कम त्याच्यासाठी हलाल आहे काय? उत्तर देण्यापूर्वी या पैशाचे स्वरूप समजून घेऊ.

तीन रकमा, तीन हुकूम

हॉलच्या व्यवहाराला फिक्हच्या भाषेत ‘इजारा’ म्हणतात. वस्तूची मालकी न देता ठरावीक काळासाठी तिचा उपयोग मोबदल्यात देणे, हा त्याचा अर्थ. हा शब्द मराठीतही जुना आहे. या इजाऱ्यात ग्राहकाकडून साधारणतः तीन प्रकारच्या रकमा येतात आणि तिघींचा हुकूम वेगळा आहे.

पहिली रक्कम भाड्याची आगाऊ रक्कम, म्हणजेच अ‍ॅडव्हान्स, बयाणा किंवा इसारा. ही भाड्याचाच एक भाग असते व शेवटी एकूण भाड्यातून वजा होते. हनफी फिक्हनुसार केवळ करार झाल्याने भाडे देणे बंधनकारक होत नाही. आगाऊ देण्याची अट घातली गेली, अट नसतानाही ते आधी देऊन टाकले, किंवा उपयोग घेऊन झाला, यांपैकी काही घडले म्हणजे भाड्यावर मालकाचा हक्क उत्पन्न होतो. शाफई फिक्हनुसार करारानेच तो हक्क उत्पन्न होतो. म्हणजे अ‍ॅडव्हान्सची रक्कम हॉलमालकाच्या मालकीत येते, तिचा वापर त्याला निषिद्ध नाही. परंतु तिच्यावर एका दिवसाच्या सेवेचे ओझे असते. सेवा दिली गेली नाही आणि करार संपुष्टात आला, तर तिचा हिशेब द्यावाच लागतो.

दुसरी रक्कम अनामतीची, म्हणजे डिपॉझिटची. भांडी फुटली, खुर्च्या मोडल्या, वीज जास्त जळली तर भरपाई व्हावी म्हणून ती ठेवून घेतली जाते व समारंभानंतर परत करावयाची असते. मराठीतील ‘अनामत’ हा शब्द अरबी ‘अमानत’ वरूनच आला आहे. शब्दाचे रूप बदलले तरी जबाबदारी बदलत नाही. ही रक्कम ग्राहकाचीच आहे. ती अमानत म्हणून वेगळी ठेवली असेल तर तिला हात लावणे ही खियानत होय. ग्राहकाच्या संमतीने ती वापरात घेतली, तर ती अमानत राहत नाही, कर्ज बनते. आणि कर्ज कोणत्याही परिस्थितीत पूर्ण फेडावे लागते.

तिसरी रक्कम इतरांसाठी घेतलेली. केटरर, मंडपवाला, सजावट करणारा, वाजंत्री यांचे पैसे अनेकदा हॉलमालकच एकत्र घेतो. येथे तो वकील, म्हणजे प्रतिनिधी असतो. मंडपवाल्याला 20,000 द्यावयाचे म्हणून ग्राहकाकडून 25,000 घेणे आणि मधले 5,000 न सांगता ठेवणे हे प्रतिनिधीला शोभत नाही. स्वतःचा मोबदला घ्यायचा असेल तर तो उघडपणे सांगून घ्यावा, अथवा संपूर्ण सेवा स्वतःच्या नावाने एका ठरलेल्या किमतीत द्यावी.

येथे एका चुकीच्या रूढीचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. मुंबईत घरांच्या बाबतीत ‘जास्त डिपॉझिट द्या, भाडे कमी करू’ असा प्रकार सर्रास चालतो. हॉल वर्षभरासाठी केटररला चालवायला देतानाही हीच पद्धत वापरली जाते. डिपॉझिट मालकाच्या वापरात जाते, म्हणजे ते कर्ज आहे. आणि त्या कर्जाच्या बदल्यात भाड्यात सवलत मिळते, म्हणजे कर्जावर लाभ मिळतो. कर्जावर ठरवून घेतलेला लाभ व्याजाच्या कक्षेत जातो, म्हणून उलमांनी या प्रकाराला मनाई केली आहे.

हजरत जुबैर (रजि.) यांची सावधगिरी

अमानत आणि कर्ज यांतील फरक सहाबांना किती नेमका ठाऊक होता, याचे एक उदाहरण सहीह बुखारीत आले आहे. हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांच्याकडे लोक आपला पैसा अमानत म्हणून ठेवण्यासाठी येत. ते अमानत म्हणून घेण्यास नकार देत आणि कर्ज म्हणून स्वीकारीत, कारण तो पैसा गहाळ होईल ही त्यांना भीती वाटे. अमानत ठेवणाऱ्याच्या हलगर्जीपणाशिवाय नष्ट झाली तर भरपाई त्याच्यावर येत नाही. कर्ज मात्र बुडत नाही. म्हणजे त्यांनी लोकांचा पैसा सुरक्षित करण्यासाठी स्वतःवर अधिक जबाबदारी घेतली.

हिजरी 36 मध्ये जमलच्या प्रसंगी त्यांना हौतात्म्य प्राप्त झाले. त्या दिवशी त्यांना सर्वांत मोठी चिंता आपल्या कर्जाची होती आणि त्यांनी पुत्र हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांना ते फेडण्याची वसीयत केली. हिशेब केला तेव्हा कर्ज 22 लाख निघाले. रोख रक्कम शिल्लक नव्हती, जमिनी होत्या. पुत्राने जमीन विकून कर्ज फेडले. वारसांनी वाटणी मागितली, तेव्हाही ते थांबले. चार वर्षे हजच्या मोसमात त्यांनी जाहीर केले की जुबैर (रजि.) यांच्याकडे कोणाचे काही येणे असल्यास त्याने यावे. त्यानंतरच वारसा वाटला गेला.

या घटनेतून हॉलमालकाने दोन गोष्टी शिकाव्यात. लोकांचा पैसा आपल्याकडे कोणत्या नात्याने आहे, हे घेतानाच स्पष्ट असावे. आणि तो पैसा वापरात घेतलाच, तर त्यामागे तेवढी मालमत्ता उभी असावी. आज रात्री आपल्याला मृत्यू आला, तर उद्या आपल्या मुलांना कोणाची किती रक्कम परत करावयाची आहे, हे वहीतून कळेल काय?

प्रेषित मुहम्मद (स.) यांचा आदर्श तर याहून उच्च आहे. मक्केतील कुरैश त्यांच्या जिवावर उठले होते, तरीही आपल्या अमानती त्यांच्याकडेच ठेवीत होते. हिजरतच्या वेळी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, ते त्या अमानती परत करण्यासाठी. शत्रूची अमानतही सोबत नेली गेली नाही. मग आपल्या मोहल्ल्यातील बांधवाचे डिपॉझिट महिनोन्‌महिने अडवून ठेवण्यास आपल्यापाशी कोणते कारण उरते?

वाढत्या व्यवसायाची कसोटी

व्यवसाय लहान असतो तोवर चुका झाकल्या जातात. तो वाढू लागला की त्या उघड्या पडतात. समजा, एका हॉलचे भाडे 60,000 रुपये आहे. बुकिंगच्या वेळी 15,000 अ‍ॅडव्हान्स आणि 10,000 अनामत घेतली जाते. पुढच्या वर्षासाठी 80 तारखा आरक्षित झाल्या. हातात 12 लाख अ‍ॅडव्हान्सचे आणि 8 लाख अनामतीचे, असे एकूण 20 लाख रुपये जमा झाले. बँकेतील आकडा पाहून मालकाला वाटते, आपण श्रीमंत झालो. वस्तुतः यांतील एकही रुपया त्याने अद्याप कमावलेला नाही. 8 लाख तर त्याचे नाहीतच. आणि 12 लाखांच्या बदल्यात 80 दिवसांची सेवा त्याच्या डोक्यावर आहे.

आता तो या 20 लाखांतून दुसऱ्या हॉलचा पाया घालतो. पावसाळ्यात काम रखडते, सिमेंट-लोखंडाचे भाव वाढतात. इकडे समारंभ झालेली कुटुंबे अनामत मागू लागतात. मालक त्यांना नव्या बुकिंगच्या पैशांतून परत करतो. मग नव्या बुकिंगची गरज वाढते, सवलती दिल्या जातात, अपूर्ण हॉलच्याही तारखा विकल्या जातात. एका मोसमात बुकिंग घटले की ही साखळी तुटते. ज्या कुटुंबाची निमंत्रणे वाटून झाली, ज्याचा मुलगा आखातातून मोजक्या दिवसांची रजा घेऊन आला, त्याला आठ दिवस आधी कळते की हॉल तयार नाही. त्याचे नुकसान पैशाने भरून येत नाही.

म्हणून वाढत्या व्यवसायाने काही शिस्त स्वतःवर लादून घ्यावी. अनामतीची रक्कम वेगळ्या चालू खात्यात ठेवावी. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, म्हणून व्याजाचाही प्रश्न उद्भवत नाही. ती मुदत ठेवीत गुंतवून व्याज खाणे म्हणजे दुसऱ्याच्या अमानतीवर हराम कमाई करणे होय. अ‍ॅडव्हान्सपैकी समारंभ पार पडलेल्या तारखांची रक्कमच कमाई म्हणून खतावणीत घ्यावी. बाकीची ‘देणे असलेली सेवा’ म्हणून दाखवावी. विस्तार करावयाचा असेल तर कमावलेल्या नफ्यातून करावा, अथवा नफा-तोट्यात सहभागी होणारे भागीदार घ्यावेत. ग्राहकाने आपल्याला भांडवल दिलेले नाही. त्याने आपल्या मुलीच्या निकाहची तारीख आपल्या हाती सोपविली आहे.

जकातीच्या हिशेबातही हा भेद उपयोगी पडतो. वेगळी ठेवलेली अनामत हॉलमालकाची संपत्ती नाही, तिची जकात त्याच्यावर नाही. रकमा एकत्र मिसळल्या असतील, तर आपल्या मसलकच्या जाणकार मुफ्तींकडून हिशेब तपासून घ्यावा.

तारीख रद्द झाली तर

आता रिक्षाचालक पित्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. ‘बयाणा जप्त करणे’ या विषयावर फुकहांमध्ये मतभेद आहे आणि तो प्रामाणिकपणे समजून घेतला पाहिजे.

इमाम अबू हनीफा, इमाम मालिक आणि इमाम शाफई (रह.) यांच्या मसलकांनुसार, सौदा पूर्ण न झाल्यास बयाणा विक्रेत्याचा होईल, अशी अट वैध नाही. अशा सौद्याच्या मनाईची एक हदीस मुवत्ता, अबू दाऊद व इब्ने माजा यांत आली आहे. तिच्या सनदीवर मुहद्दिसांनी आक्षेप घेतला असला, तरी या इमामांचे दुसरे प्रमाण भक्कम आहे : कोणत्याही मोबदल्याशिवाय दुसऱ्याचा पैसा घेणे हे अन्यायाने संपत्ती खाणे होय.

इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी मात्र याला परवानगी दिली. त्यांचा आधार हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील एक व्यवहार आहे. मक्केतील त्यांचे अधिकारी नाफे बिन अब्दुल हारिस यांनी तुरुंगासाठी सफवान बिन उमैया यांच्याकडून 4,000 ला एक घर घेतले. हजरत उमर (रजि.) यांना ते पसंत पडले तर सौदा कायम, अन्यथा सफवान यांना 400 मिळतील, असे ठरले. 1993 मध्ये ब्रुनेई येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने हे मत स्वीकारले. मात्र त्यासाठी निर्णयाची मुदत निश्चित असावी आणि सौदा झाल्यास बयाणा किमतीतच धरला जावा, असे म्हटले. इजाऱ्यालाही हाच नियम लावला गेला.

महाराष्ट्रातील बहुसंख्य मुस्लिम हनफी आहेत आणि कोकणात शाफई मसलकाचे पालन होते. दोन्ही मसलकांत बयाणा जप्त करण्याची अट मान्य नाही. म्हणून आपल्या हॉलमालकांसाठी सावध मार्ग हाच की, रद्द झालेल्या तारखेपोटी प्रत्यक्ष झालेल्या खर्चाएवढीच रक्कम कापावी व बाकीची परत करावी. ज्यांना अकादमीच्या मतावर अंमल करावयाचा असेल, त्यांनीही त्या मताच्या अटी पाळाव्यात : किती दिवसांपूर्वी रद्द केल्यास काय होईल, हे आधीच, स्पष्ट शब्दांत, समजावून ठरविलेले असावे. पावतीच्या मागील न वाचता येणाऱ्या ओळीला ‘परस्परसंमती’ म्हणणे अवघड आहे.

आपल्या प्रसंगाच्या संदर्भात हनफी फिक्हचा एक मसला विशेष उद्बोधक आहे. हनफी मतानुसार योग्य सबब (उज्र) उत्पन्न झाल्यास इजारा रद्द करता येतो. इमाम मर्गीनानी (रह.) यांच्या ‘हिदाया’ या ग्रंथात याचे जे उदाहरण दिले आहे, ते नेमके वलिम्याचेच आहे. एखाद्याने वलिम्याच्या जेवणासाठी स्वयंपाकी ठरविला आणि त्यापूर्वीच पत्नीने खुला घेतला, तर स्वयंपाक्याशी झालेला करार रद्द होतो. कारण ज्यासाठी तो केला होता, तो हेतूच उरला नाही. आठ शतकांपूर्वी फुकहांनी मोडलेल्या लग्नाचे दुःख आणि त्यात अडकलेला करार, दोन्ही विचारात घेतले होते. शाफई फिक्हमध्ये भाडेकरूची वैयक्तिक अडचण करार मोडण्यास पुरेशी मानली जात नाही. तेथे कराराचे बंधन अधिक कडक आहे. परंतु तेथेही परस्परसंमतीने करार सोडविण्याचा मार्ग खुला आहे. त्याला ‘इकाला’ म्हणतात. पस्तावलेल्या बांधवाचा सौदा जो परत घेतो, त्याच्या चुका अल्लाह माफ करील, असा शुभसंदेश अबू दाऊद व इब्ने माजा यांनी नोंदविलेल्या हदीसीत आहे.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे. तारीख दुसऱ्याला पूर्ण भाड्याने गेली आणि नुकसान काहीच झाले नाही, तर त्या पित्याचे 15,000 रुपये परत केले पाहिजेत. पावत्या, जाहिरात वा कामगारांवर खरोखर काही खर्च झाला असेल, तर तो दाखवून कापावा. देशाचा कायदाही यापासून फार दूर नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार करारभंगाची भरपाई वाजवी असावी लागते. करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आपोआप मिळणारे बक्षीस नव्हे.

रक्कम कोणाला परत करावी, हाही प्रश्न येतो. बुकिंग वडिलांच्या नावे, पैसे मात्र दुबईतील मामाने पाठविलेले, असे अनेकदा होते. अमानत तिच्या हक्कदाराकडे जावी लागते. म्हणून पैसे कोणी दिले, कोणाच्या वतीने दिले आणि परत कोणाला करावेत, हे पावतीवरच लिहून घ्यावे. तुटलेल्या नात्यानंतर दोन्ही पक्ष त्याच रकमेवर दावा सांगतात, तेव्हा ही एक ओळ मोठे भांडण टाळते.

आणि मालकानेच तारीख रद्द केली तर? मोठे गिऱ्हाईक आले म्हणून आधीच्या कुटुंबाला ‘हॉलची दुरुस्ती निघाली’ असे सांगणे, हे बुखारी व मुस्लिम यांनी नोंदविलेल्या हदीसीतील दांभिकाच्या तिन्ही खुणा एकत्र करणे आहे : खोटे बोलणे, वचन मोडणे आणि अमानतीत खियानत करणे. एकाचा सौदा ठरलेला असताना त्यावर दुसऱ्याने सौदा करण्यासही प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे.

कोणाच्याही हातात नसलेले संकट

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि त्या मोसमातील असंख्य निकाह हॉलमध्ये होऊ शकले नाहीत. त्या वेळी ग्राहक म्हणत होते, आमची चूक नाही. मालक म्हणत होते, आमचीही नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसीचा आशय असा की, फळे विकल्यानंतर ती नैसर्गिक आपत्तीत नष्ट झाली, तर विक्रेत्याने खरेदीदाराकडून काही घेणे वैध नाही; आपल्या बांधवाचा पैसा तो कोणत्या हक्काने घेणार? इजाऱ्याचे तत्त्वही हेच सांगते : उपयोग घेणेच अशक्य झाले, तर भाडे देय राहत नाही. अशा वेळी रक्कम परत करणे हा मूळ हुकूम आहे. ग्राहकाच्या संमतीने दुसरी तारीख देणे ही तडजोड आहे. संमतीशिवाय ‘पुढची तारीख घ्या, पैसे मिळणार नाहीत’ असे लादणे योग्य नाही. मालक खरोखर अडचणीत असेल, तर ग्राहकानेही सूरह अल्-बकराच्या 280 व्या आयतीनुसार त्याला सवड द्यावी.

एक लहान अडचण तर दरवर्षी येते. ईदनंतरच्या दिवसांत वलिमे ठरतात आणि लोक चंद्राच्या हिशेबाने तारीख सांगतात. चंद्रदर्शन एक दिवस पुढे-मागे झाले की दोन कुटुंबे एकाच दिवशी हॉलवर येऊन उभी राहतात. यासाठी बुकिंग नेहमी इंग्रजी तारखेने व वाराने नोंदवावे, आणि चंद्र एक दिवसाने पुढे गेल्यास काय करावयाचे, हे तेव्हाच ठरवावे.

उरलेली रक्कम, विलंब आणि कपात

समारंभानंतर भाड्याची उरलेली रक्कम हे ग्राहकावरील कर्ज असते. ती उशिरा दिल्याबद्दल दररोज 500 रुपये वाढवीत जाणे हे व्याजच आहे, त्याला ‘दंड’ म्हटले तरी. उपाय सोपा आहे : संपूर्ण भाडे समारंभाच्या काही दिवस आधी घेण्याची अट ठेवावी. हॉल ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तास अधिक वापरला, तर त्या दोन तासांचे आधीच सांगितलेले भाडे घेणे मात्र वैध आहे, कारण ते जागेच्या अधिक उपयोगाचे मोल आहे.

अनामतीतून कपात करतानाही मर्यादा आहे. भाडेकरूच्या ताब्यातील वस्तू त्याच्याकडे अमानत असते. नेहमीच्या वापरात झालेल्या झिजेची भरपाई त्याच्यावर नाही. निष्काळजीपणाने वा जाणूनबुजून केलेल्या नुकसानीचीच आहे. दहा वर्षांच्या जुन्या खुर्चीसाठी नव्या खुर्चीची किंमत कापणे, न फुटलेल्या भांड्यांची यादी करणे, हे सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये ज्यांचा निषेध आला आहे, त्या माप मारणाऱ्यांच्या वाटेने जाणे आहे. म्हणून समारंभाच्या आधी व नंतर दोघांनी मिळून सामान मोजावे आणि अनामत त्याच दिवशी किंवा ठरलेल्या दिवसांत परत करावी. ऐपत असूनही देणे लांबविणाऱ्यास हदीसीत जालिम म्हटले आहे. एकदा एका धनकोने प्रेषितांजवळ (स.) कठोर शब्दांत मागणी केली, तेव्हा सहाबा संतापले; पण प्रेषितांनी (स.) हक्कदाराला बोलण्याचा अधिकार आहे असे सांगून त्यांना आवरले आणि त्याला त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट देवविला.

लिहून ठेवा, साक्षी ठेवा

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल्-बकराची 282 वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे ती शिकविते. ‘आपलाच माणूस आहे, पावती कशाला?’ हे वाक्य आपुलकीचे वाटते, पण अनेक आपुलकीची नाती याच वाक्याने तुटली आहेत. पावतीवर किमान एवढे असावे : तारीख व वेळ, एकूण भाडे, अ‍ॅडव्हान्स आणि अनामत वेगवेगळ्या ओळींत, पैसे देणाऱ्याचे नाव, रद्द करण्याचे नियम, अनामत परत करण्याची मुदत, आणि वीज, पाणी, जनरेटर, पार्किंग यांपैकी काय भाड्यात समाविष्ट आहे. केटरर हॉलचाच घ्यावा लागेल अशी अट असेल, तर ती पैसे घेण्यापूर्वी सांगावी. अटी ग्राहकाला मराठी वा उर्दूत वाचून दाखवाव्यात व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

कायद्याचे पालनही कराराचाच भाग आहे. एकाच समारंभासाठी एका व्यक्तीकडून 2 लाख रुपये वा त्याहून अधिक रोख घेण्यास 2017 पासून मनाई आहे. कर चुकविण्यासाठी कमी रकमेची पावती देणे म्हणजे ग्राहकालाही असत्यात सहभागी करणे. आणि उद्या परताव्याचा वाद झाला, तर त्या गरिबाजवळ पुरावाही उरत नाही.

मशिदीचा वा जमातीचा हॉल असेल, तर जबाबदारी दुप्पट होते. तेथील रक्कम वक्फची वा संस्थेची आहे. मुतवल्ली व विश्वस्त केवळ अमीन आहेत. आपल्या नातेवाइकाला भाडे माफ करणे आणि अनोळखी गरिबाची अनामत अडविणे, दोन्ही त्यांच्या अधिकाराबाहेरचे आहे. सवलत द्यावयाची असेल तर नियम सर्वांसाठी एकच असावा.

ग्राहकाचीही अमानतदारी

मालकालाच दोष देणे न्यायाचे होणार नाही. तीन हॉल अडवून ठेवायचे आणि शेवटच्या आठवड्यात दोन सोडायचे; 300 पाहुणे सांगून 500 आणायचे; भांडी फुटल्यावर लपवायची; उरलेल्या भाड्यासाठी मालकाला खेटे घालायला लावायचे, हेही दुसऱ्याचा हक्क मारणेच आहे. तारीख बदलावयाची असेल तर लवकर कळवावे, म्हणजे दुसऱ्या कुटुंबाला ती मिळेल. आणि अ‍ॅडव्हान्ससाठी व्याजी कर्ज काढण्याची वेळ येत असेल, तर थांबून विचार करावा. निकाह मशिदीतही होतो. प्रेषितांनी (स.) हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना वलिमा करण्यास सांगितले, ते एका बकरीचा का होईना, असे.

व्यवसाय वाढावा, हॉल एकाचे दोन व्हावेत, यात काहीही गैर नाही. परंतु वाढीचे माप बँकेतील आकडा नव्हे. ज्या पित्याचे नाते मोडले, तो आपल्या हॉलच्या पायऱ्या उतरताना बद्दुआ देत गेला की दुआ, हे अल्लाहच्या दरबारातील खरे माप आहे. अल्लाह आम्हा सर्वांना हलाल कमाईची, करार पाळण्याची आणि अमानती हक्कदारांपर्यंत पोहोचविण्याची तौफीक देवो. आमीन.

घरात चर्चेसाठी प्रश्न

1. अ‍ॅडव्हान्स आणि अनामत यांच्या हुकमात कोणता फरक आहे?
2. हजरत जुबैर (रजि.) लोकांचा पैसा अमानतीऐवजी कर्ज म्हणून का घेत?
3. बयाणा जप्त करण्याविषयी आपल्या मसलकचे मत काय आहे व मतभेदाचा आधार कोणता?
4. विलंबाचा दंड आणि जादा वेळेचे भाडे यांत एक अवैध व दुसरे वैध का?
5. आपल्या घरात, दुकानात वा संस्थेत आज कोणाची अनामत परत करावयाची राहिली आहे?